ग्रीन कार्डवर आठ महिने साताऱ्यात राहिलो, आता नागरिकत्वाचा अर्ज भरावा का?

मास्तर: मी निवृत्त शिक्षक, मुलाकडे अमेरिकेत एडिसनला असतो. ग्रीन कार्ड २०२० चं. २०२३ मध्ये हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन साताऱ्याला केलं, मग डॉक्टर म्हणाले दुसराही उरकून घ्या. परतायला आठ महिने लागले. री-एंट्री परमिट, म्हणजे बराच काळ बाहेर राहून परत येण्याचा परवाना, काढूनच गेलो होतो, त्यामुळे विमानतळावर चार प्रश्न विचारून सोडलं. आता मुलगा म्हणतो, एन-४०० म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज भरू. परमिट होतं म्हणजे ते आठ महिने माफ ना? फिरायला येणारे एक गृहस्थ म्हणतात, सहा महिन्यांत एकदा तोंड दाखवलं की काम झालं. दुसरे म्हणतात, पाच वर्षं पहिल्यापासून मोजा.

टेक्सासकर: काका, परमिटने तुमचं कार्ड सांभाळलं, बस. नागरिकत्वाला पाच वर्षांचं सलग वास्तव्य लागतं, त्यात परमिटमुळे सूट नाही. सहा महिन्यांच्या वर पण वर्षाच्या आत गेलात, तर सलगता तुटली असं धरून चालतात. मात्र पुरावे देऊन ते खोडता येतं: इथलं घर चालू होतं, जवळचं कुटुंब इथेच होतं, टॅक्स भरला. पेन्शन तिकडची असली तरी रिटर्न इथे रहिवासी म्हणूनच भरलंत ना? नॉन-रेसिडेंट म्हणून भरलं असेल तर आधी वकील गाठा. मुलाखतीत नेमकं तिथेच बोट ठेवतात.

पुरावे लंगडे वाटले तर थांबा. परतल्यापासून साडेचार वर्षं झाली की मागच्या पाच वर्षांत त्या मुक्कामाचा सहा महिन्यांपेक्षा कमी भाग उरतो, मग प्रश्नच येत नाही. वर्ष ओलांडलं असतंत तर खोडायची सोयही नव्हती.

ओहायोची: त्या तोंड दाखवणाऱ्या गृहस्थांचं ऐकू नका हो! सलगता वेगळी आणि हजेरी वेगळी. पाच वर्षांत एकूण ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत असावं लागतं. वर्षातून दोनदा चार-चार महिने भारतात राहिलं, तर एकही फेरी सहा महिन्यांवर जात नाही, पण पाच वर्षांत हजेरी भरते २० महिने. शिवाय असं सारखं येऊन-जाऊन राहिलं की तुम्ही इथे राहता की पाहुणे येता, असंही विचारतात. निघाल्याचा आणि परतल्याचा, दोन्ही दिवस हजेरीत धरतात. अर्जात २४ तासांवरची प्रत्येक फेरी लिहायची असते, तेव्हा पासपोर्टवरचे शिक्के घेऊन बसा.

मास्तर: रिटर्न मुलाच्या सीएने रहिवासी म्हणूनच भरलंय, आत्ताच विचारलं. हजेरीही भरते. पण दवाखान्याचे सगळे कागद हिच्या नावाचे आहेत. माझ्या अर्जाला चालतील?

टेक्सासकर: चालतील. दोघांचे अर्ज वेगळे जातात, म्हणून डिस्चार्ज कार्डाची प्रत दोन्हींना लावा. तुमच्या अर्जाला सोबत लग्नाचा दाखलाही जोडा. मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून घ्या.