1958 ची डुक्कर फियाट घ्यावी का?

होटगीरोडकर: जुळे सोलापुरात एक डुक्कर फियाट (जुनी फियाट 1100) विकायला आहे. चालू आहे, रंग नवा आहे. नेमकं काय बघू? मे महिन्यात इथे चालेल का?

पत्रापारखी: इंजिन नंतर बघा. 1089 सीसीचं आहे, प्रीमियर पद्मिनीचे बरेच पार्ट बसतात. खरा खर्च पत्र्याचा. या गाडीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, बॉडीच सगळं वजन पेलते. मॅट उचलून फ्लोअर, दाराखालची पट्टी आणि जॅक लावायची जागा स्क्रू-ड्रायव्हरनं टोचा. चुंबक न्या, चिकटत नाही तिथे पुट्टी. पुढच्या दाराच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असतात. दार उघडून हलकेच वर उचला. खाली-वर हललं तर पिन झिजलीय, नाहीतर बिजागऱ्यांचा खांबच सडलाय. आणि क्रोमच्या पट्ट्या, जाळी गाडीवरच हव्यात. नंतर शोधताना जीव जातो.

जुनंचसोनं: नवा रंग दिसला की मी तरी जास्तच संशय घेतो. इंजिन आणि चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. 50 वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल तर व्हिंटेज नोंदणी होते, जुना नंबरही राहतो. पण मग रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच.

कार्बोरेटर: उन्हाळ्यात सिग्नलला बंद पडून गरम असेतो चालू झाली नाही, तर पेट्रोलची वाफ अडकलीय. इंजिनजवळच्या फ्युएल पंपावर ओलं फडकं टाका, दहा मिनिटं थांबा. कायमचा इलाज: पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या गरम नळीपासून लांब घ्या, रेडिएटर साफ करा. इथेनॉलच्या पेट्रोलनं जुनं रबर फुगतं. पाइप आणि पंपाचा पडदा (डायफ्रॅम) आधीच बदला.

होटगीरोडकर: रविवारी चुंबक घेऊन जातो. आभार!