गिरणारे रोडवरचा बंगला: पाहुण्यांकडून पैसे घ्यायची नीट सोय कशी लावावी?

मळेवाला

नमस्कार मंडळी. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या पुढे, गिरणाऱ्याच्या अलीकडे आमच्या मळ्यात बाबांनी बांधलेला बंगला आहे. तीन खोल्या, मोठी ओसरी, समोर द्राक्षबाग. दिवाळीपासून आम्ही तो पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. मी अंबड एमआयडीसीत नोकरीला आहे, त्यामुळे बंगल्यावर कायम नसतो. मळ्यात राहणारे मामा-मामी चावी देण्यापासून पिठलं-भाकरीपर्यंत सगळं बघतात.

वेबसाइटवरून येणाऱ्या बुकिंगचे पैसे ती वेबसाइटच घेते आणि पाहुणा येऊन गेला की खात्यात टाकते. तिथे काही प्रश्न नाही. पण बरेच लोक ओळखीतून, थेट फोनवर येतात: मुंबई, ठाणे, सुरत. पूर्ण बंगल्याचे एका रात्रीचे ९,००० रुपये. हे पैसे सध्या बाबांच्या बचत खात्याच्या क्यूआरवर घेतो. त्याच खात्यात द्राक्षांचे पैसे येतात आणि सोसायटीच्या कर्जाचा हप्ताही तिथूनच जातो.

होतं असं की कुणाला क्रेडिट कार्डानेच द्यायचे असतात, कुणी म्हणतं स्कॅन होतंय पण पैसे जात नाहीत. कुणी मामांना मोबाइलवर हिरवी टिकमार्क दाखवतं. मामा मला फोन करतात, मी मशिनवर असतो, फोन उचलता येत नाही, आणि पाहुणे लहान मुलं घेऊन दारात उभे. मामांना फार अवघडल्यासारखं होतं. पेमेंट गेटवे, म्हणजे कार्डाने ऑनलाइन पैसे घ्यायची सेवा, घ्यावा का? परवडेल का? जीएसटीचं काय? ज्यांचा अनुभव आहे त्यांनी सविस्तर सांगा.

---

सातपूरची ताई

दादा, मी बँकेत कॅश काउंटरला नोकरी केली, आता निवृत्त आहे आणि त्र्यंबक रोडला आमच्या दोन खोल्या पाहुण्यांना देते. गेटवेचं नंतर बघू. सगळ्यात आधी बाबांचं खातं यातून बाजूला काढा. उद्याच काढा.

कारण सांगते. एखाद्याने फसवणुकीच्या पैशातून तुमचं भाडं दिलं, तर तुमचा काही दोष नसतानाही ते पैसे तुमच्या खात्यापर्यंत माग काढत येतात. फसलेला माणूस १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो, ती साखळी तुमच्या बँकेत पोचते आणि तेवढी रक्कम किंवा कधीकधी अख्खं खातं गोठवलं जातं. ते सुटायला चकरा माराव्या लागतात, दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करावा लागतो. अशी माणसं माझ्या काउंटरसमोर रडलेली मी पाहिली आहेत. द्राक्षाच्या हंगामात बाबांचं खातं असं अडकलं तर मजुरी कशातून द्याल? बंगल्यासाठी वेगळं खातं उघडा. त्यात साठलेली रक्कम दर आठवड्याला घरच्या खात्यात वळवा.

दुसरं, पैसे बुकिंग करणाऱ्याच्याच खात्यातून आले पाहिजेत. "मित्र पाठवतोय", "ऑफिसमधून येतील" असं कुणी म्हणालं की मी त्या मित्राचं नाव आणि ओळखपत्र आधी मागते. खरा पाहुणा देतो. परतावा द्यायची वेळ आली तर ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात परत. "चुकून जास्त गेले, या दुसऱ्या नंबरवर उरलेले पाठवा" असं सांगणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा. त्यातला जमेचा मेसेजच खोटा असतो. सैन्यात अधिकारी आहे असं सांगून "हा कोड स्कॅन करा, तुम्हाला आगाऊ रक्कम मिळेल" म्हणणारेही फोन येतात. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे मामा-मामींनाही सांगून ठेवा.

आता दारात उभ्या राहणाऱ्या पाहुण्यांचं. यूपीआयचा व्यावसायिक क्यूआर घ्या, सोबत बोलणारा स्पीकर मिळतो तो मामांच्या ओट्यावर ठेवा. त्याला महिन्याचं थोडं भाडं असतं. पैसे तुमच्या खात्यात जमा होतील, पण रक्कम मामांना ऐकू येईल. त्यांच्याकडे ना तुमचा पासवर्ड असेल, ना पैशांची जोखीम. गड्यामाणसांवर पैशांची शहानिशा टाकणं मला पटत नाही. उद्या काही कमी-जास्त झालं तर बोट त्यांच्याकडेच दाखवलं जातं. मात्र गिरणाऱ्याकडे कुठल्या कंपनीचं नेटवर्क ओट्यावर पोचतं ते आधी बघा, स्पीकरला सिमचं नेटवर्क लागतं.

"स्कॅन होतंय पण पैसे जात नाहीत" याचं एक नेहमीचं कारण म्हणजे त्या पाहुण्याने यूपीआयला रुपे क्रेडिट कार्ड जोडलेलं असतं. ते वैयक्तिक क्यूआरवर चालत नाही, व्यावसायिकवर चालतं. बँक खात्यातून थेट येणाऱ्या यूपीआयवर २०२० च्या जानेवारीपासून व्यापाऱ्याला शुल्क नाही. क्रेडिट कार्डावरून मोठी रक्कम आली तर मात्र कापलं जातं.

गेटवेचा हिशेब साधा आहे. साधारण २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ९,००० वर १८० अधिक ३२, एकूण २१२ रुपयांच्या आसपास. पैसे खात्यात यायला दोनेक कामाचे दिवस. महिन्याला कार्डवाले दोन-तीनच असतील तर आत्ता नको. कंपन्यांचे ग्रुप येऊ लागले तर जरूर घ्या. वेबसाइट नसली तरी फोनवर लिंक पाठवता येते. पण कार्डाने दिलेल्या पैशांबद्दल पाहुणा नंतर बँकेकडे तक्रार करू शकतो. तेव्हा नोंदवहीतली सही आणि अटींचा मेसेज हाच तुमचा पुरावा. नोंदवही आळस न करता भरा.

जीएसटी: तुमची वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवांसाठी नोंदणी लागत नाही. ती एका पॅनवर मोजतात, फक्त बंगल्याची नाही. त्यामुळे खातं कुणाच्या नावे उघडायचं हे आधी सीएंना विचारा.

---

कुशावर्त

ताईंचं सगळं बरोबर. त्र्यंबकेश्वरचा अनुभव थोडा निराळा आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे नारायण नागबळीच्या पूजेला येणारी मंडळी तीन दिवस राहतात. त्यात वयस्कर माणसं पुष्कळ, नोटा पदराला बांधून आणतात. त्यांना यूपीआयचा आग्रह धरू नये. रोख घ्या, पण छापील पावतीपुस्तक ठेवा आणि ५,००० च्या वरच्या रोख पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प तिकीट लावा. एकाच मुक्कामासाठी एका माणसाकडून २ लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही. लग्नाचे ग्रुप येतात तेव्हा हे ध्यानात ठेवा.

परदेशी पाहुणा आला तर त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म २४ तासांत ऑनलाइन भरायचा असतो. पैशांच्या गडबडीत ते राहून जातं.

---

मळेवाला

ताई, दादा, मनापासून आभार. स्पीकरची कल्पना मामांना सांगितली, ते खूश झाले. बाबांना खात्याचा धोका समजावून सांगितला, ते शनिवारी माझ्यासोबत बँकेत येतायत.

आता आगाऊ रकमेचं विचारतो. फोनवरच्या पाहुण्यांना हा मेसेज पाठवायचं ठरवतोय: "बुकिंग पक्कं करण्यासाठी निम्मी रक्कम आगाऊ. उरलेली आल्यावर, चावी घेण्याआधी. सात दिवस आधी रद्द केल्यास पूर्ण परतावा, त्यानंतर आगाऊ रक्कम परत मिळणार नाही." चालेल का? आणि २०२७ च्या सिंहस्थासाठी आत्तापासून विचारणा होतेय, त्यांचं काय करू?

---

सातपूरची ताई

मेसेज चांगला आहे. दोन गोष्टी घाला. पैसे पाठवणाऱ्याचं नाव आणि बुकिंगचं नाव एकच असावं, हे वर लिहा. आणि पाहुण्याने "मान्य" असं उत्तर पाठवल्यावरच क्यूआर पाठवा, आधी नाही.

शेवटच्या ओळीत मी थोडी सवड ठेवते. घरात आजारपण किंवा मृत्यू झाला तर तारीख बदलून देते. ते मेसेजमध्ये लिहू नका, पण वेळ आली तर करा.

सिंहस्थासाठी शाही स्नानाच्या तारखांना निम्मी रक्कम इतक्या आधी घेऊ नका. त्या दिवसांत वाहतूक कशी वळवतील, तुमच्या रस्त्याने गाड्या सोडतील का, हे आपल्या हातात नाही, आणि पाहुणा पोचू शकला नाही तर वाद तुमच्याशी होईल. २०१५ ला आमच्या रस्त्यावर गाड्या किती लांब अडवल्या होत्या ते मी पाहिलंय. आत्ता फक्त नाव, फोन आणि माणसांची संख्या वहीत लिहून घ्या. वाहतुकीचं नियोजन जाहीर झालं की त्याच क्रमाने फोन करा आणि तेव्हा पैसे मागा.

---

मळेवाला

हे पटलं. वही आजच करतो. सुरतच्या एका कुटुंबाचं पहिलं नाव लिहिणार आहे.