हायड्राच्या पुनर्जननाच्या प्रयोगासाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. ठाण्यातील एका तलावातून आणलेल्या पाणवनस्पतींवर मला हायड्रा (गोड्या पाण्यात राहणारे, संस्पर्शक म्हणजे सोंडेसारखे बारीक अवयव असलेले चिमुकले प्राणी) सापडले असून, स्विस निसर्गअभ्यासक अब्राहम ट्रेम्ब्ले यांनी १७४०च्या दशकात केलेला छेदनाचा प्रयोग नववीच्या विद्यार्थ्यांना दाखवावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मधोमध कापलेल्या हायड्राच्या खालच्या भागाला साधारण तीन दिवसांत नवे डोके व संस्पर्शक फुटतात. मूलपेशींचे, म्हणजे ज्यांपासून इतर पेशी तयार होतात अशा पेशींचे, विभाजन तर त्याच्या शरीरात अखंड चालूच असते. एवढ्याशा जिवाचे हे सामर्थ्य मला आजही थक्क करते. माझे तुकडे मात्र दुसऱ्याच दिवशी विरून जातात. पाण्यातील क्लोरीन मी आधीच घालवते, त्यामुळे कारण बहुधा इथला उकाडा असावा. वातानुकूलनाशिवाय पाणी २० अंश सेल्सिअसच्या आसपास कसे ठेवावे, आणि हायड्राच्या खाद्यासाठी आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातील कोळंबीसारख्या बारीक जिवांची) अंडी ठाण्यात कोठे मिळतील, हे कृपया कोणी सांगेल का?