ख्रिसमसच्या डायमधून दिवाळीची कार्डं कशी करायची? आणि जाळी मधेच कापली जात नाहीये

निळीशाई

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसतं वाचतेय, विचारायची वेळ पहिल्यांदाच आलीय.

माझी आई दरवर्षी संक्रांतीला छोट्या कार्डात हलव्याची पुडी घालून सगळ्या नातेवाइकांना पोस्टाने पाठवायची. आता तिचे गुडघे दुखतात, पोस्टापर्यंत जाणं होत नाही आणि तशी कार्डंही आमच्या डोंबिवलीत कुठे दिसत नाहीत. म्हणून यंदा मी ठरवलं की दिवाळीलाच सुरुवात करायची, हाताने केलेली ४० कार्डं, आईच्या मैत्रिणी, आत्या, मावशा, सगळ्यांना. त्यासाठी हाताने दांडा फिरवायचं डाय कटिंग मशीन घेतलं आणि ऑनलाइन डायचा, म्हणजे कागदावर दाबून आकार कापायच्या धारदार साच्यांचा, एक सेट मागवला.

आता अडचण अशी की सेटमधले डाय सगळे ख्रिसमसचे निघाले. हिमकण, टोकदार झाड, घंटा, चांदणी, बदाम, एक पानांची फांदी आणि कडेला कंगोरे असलेली गोलं पाच मापांची. त्यातल्या त्यात एक बारीक नक्षीची गोल जाळी आहे, ती मी कंदिलाला वापरेन म्हटलं तर ती नीट कापलीच जात नाही. कडा सुटतात पण मधली नक्षी तशीच अडकून राहते, ओढलं की फाटते. कागद चांगला घेतलाय, प्रदर्शनातून आणलेला लाल हातकागद, आत फुलांच्या पाकळ्या दिसतात तो. चारदा फिरवून बघितलं, डाय आणि कागद ज्यांच्यामधे ठेवतात त्या प्लेट कटकट वाजायला लागल्या म्हणून घाबरून थांबले. मशीन खराब आलंय का? परत करायची मुदत रविवारी संपतेय, म्हणून जरा लवकर सांगा प्लीज.

कातरकाम

अगं मशीन मुळीच परत करू नकोस, त्याचा काही दोष नाहीये. कागद बदल.

हातकागद म्हणजे सुती चिंध्यांचा लगदा, त्याचे धागे लांब असतात आणि एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून तर तो इतका टिकतो. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे ना, १९४० पासूनची, तिथला कागद मी गेली कित्येक वर्षं वापरतेय आणि माझं त्याच्यावर फार प्रेम आहे, पण जाळीला नाही म्हणजे नाहीच. डायची धार धागा कापण्याऐवजी नुसता दाबते. त्यात पाकळीचा तुकडा मधे आला की तिथे कागद जाड. जाळीसाठी गुळगुळीत, १२० ते १६० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कार्डपेपर घे. कार्डाचं मूळ अंग २५० जीएसएमचं ठेव. आणि तो लाल हातकागद जाळीच्या मागे लाव, इतका सुंदर दिसेल की बघत राहशील, भोकाभोकांतून तो खरबरीत लाल रंग डोकावतो.

आता डायचं. मलाही सुरुवातीला असंच वाईट वाटलं होतं की सगळं दुसऱ्यांच्या सणाचं आहे, आपलं काहीच नाही. पण डाय म्हणजे शेवटी आकार आहे, त्याला नाव दुकानदाराने दिलंय.

बदाम कापायचा सोनेरी कागदात, मधोमध उभी घडी घालायची आणि थोडा उघडा ठेवायचा. झालं आपट्याचं पान! आपट्याच्या पानाला दोन पाळ्या असतात आणि वर मधे खाच, बदामालाही तेच. मी दसऱ्याला हीच पानं वाटते, मागे नाव लिहून. झाडं ओरबाडायला नकोत.

हिमकण पांढऱ्या कागदात कापून गेरूच्या रंगाच्या कार्डावर चिकटव, ती रांगोळी दिसते. सहा हातांची असते म्हणून लोकांना वाटतं चालणार नाही, पण आपली ठिपक्यांची रांगोळी, मधल्या ठिपक्यांची, म्हणजे खालच्या ओळीचे ठिपके वरच्यांच्या मधे येतात ती, सहा कोनांतच तर बसते. कंगोऱ्यांच्या गोलांचा झेंडू होतो, पाची मापं पिवळ्या आणि केशरी कागदात कापायची, प्रत्येकाच्या कडा बोटाने वर चुरगळायच्या आणि मोठ्यावर लहान असं रचत जायचं. थोडं पाणी शिंपडून चुरगळलं तर कडा वळलेल्या राहतात. फांदीची पानं सुटी करून हिरव्यात आंब्याचं तोरण. पणतीला तर डायही लागत नाही वेगळा, गोल अर्धा कापला की पणती आणि त्याच फांदीचं एक पान पिवळ्यात कापून उभं लावलं की ज्योत.

चांदणीचा कंदील कर. मोठी चांदणी, तिच्यावर तुझी जाळी, खाली झिरमिळ्या. झिरमिळ्या पतंगी कागदाच्या कर, कार्डपेपरच्या नको, त्या ताठ उभ्या राहतात आणि कंदिलाला जीवच राहत नाही. पतंगी कागदाच्या पट्ट्या पेन्सिलीवर गुंडाळून सोड, कार्ड उघडलं की त्या हलतात.

सामान पुण्यात बोहरी आळीत मिळतं, तुला डोंबिवलीहून क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रेहमान स्ट्रीट सोयीची.

ट्रेडलवाला

नमस्कार. मी सांगलीकडचा. तीसेक वर्षं प्रेसमध्ये पंचिंगवर, म्हणजे साच्याने कागद कापायचं, काम केलं, लग्नपत्रिका, मिठाईचे बॉक्स, फाइली, सगळं. तुमची घरगुती मशीन लहान आहे पण तत्त्व तेच आहे म्हणून लिहितो.

ताई, दाब ठरावीक असतो आणि तो धारेच्या एकूण लांबीवर वाटला जातो. साध्या चांदणीची धार वीतभर असेल तर जाळीची सगळी वळणं धरून चार-पाच हात भरते. मग प्रत्येक ठिकाणी दाब किती येणार? म्हणून कडा कापल्या जातात आणि मधलं राहतं. त्यात भर म्हणजे मशीनचे रोलर दोन्ही टोकांना घट्ट धरलेले असतात आणि मधे किंचित वाकतात, तर जाळी प्लेटच्या बरोबर मधे न ठेवता एका बाजूला सरकवून ठेवा, आणि थोडी तिरकी. तिरकी ठेवली की सरळ कडा एकदम रोलरखाली येत नाही, दांडा जड जात नाही.

प्रेसमध्ये जिथे कट बसत नाही तिथे आम्ही खालून पातळ कागद चिकटवून टेकू द्यायचो. तेच करा. आधी साध्या कागदावर जाळी कापून बघा. जिथे सुटली नाही तिथे पेन्सिलीने खूण करा. तेवढ्याच आकाराचा साध्या झेरॉक्स कागदाचा तुकडा खालच्या प्लेटच्या खाली, बरोबर त्या जागी चिकटवा. परत फिरवा. अजून अडकलं तर आणखी एक, पहिल्यापेक्षा थोडा लहान. एकदम जाड पुठ्ठा घालू नका, अशा मशीनमध्ये एका व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीनेसुद्धा फरक पडतो, जास्त झालं तर डाय वाकतो आणि वाकलेला डाय परत सरळ होत नाही. दांडा फिरवताना अंगाचा जोर लावावा लागला तर थांबा, उलट फिरवून बाहेर काढा आणि एक कागद कमी करा. जोर लावायचाच नाही हे पक्कं लक्षात ठेवा.

डायची धारेची बाजू कागदाकडे आहे ना तेही बघा, बारीक डायमध्ये दोन्ही बाजू सारख्या वाटतात. नखाने हलकं चाचपलं की कळतं, एका बाजूला उंचवटा लागतो. प्लेटवर ओरखडे उठणं आणि कटकट आवाज येणं नेहमीचं आहे, त्याला घाबरू नका, फक्त दर चार-पाच वेळांनी प्लेट पालटत चला नाहीतर ती धनुष्यासारखी वाकते.

वर ताईंनी हातकागदाबद्दल लिहिलंय ते जाळीपुरतं बरोबर आहे. पण चांदणी, बदाम, गोल असे मोकळे आकार हातकागदात छान निघतात, मी हातकागदावर पत्रिका पंच केल्यात, तेव्हा अगदीच सोडून देऊ नका.

आणि घडी. कार्ड दुमडताना कागदाचा ग्रेन, म्हणजे धाग्यांची दिशा, बघा. पान दोन्ही बाजूंनी हलकं वाकवून बघायचं, ज्या बाजूने सहज वळतं त्याला समांतर घडी घालायची. उलट घातली तर २५० जीएसएमचा कागद घडीवर तडकतो आणि रंगीत कागदाच्या आतला पांढरा भाग दिसतो. घडीच्या जागी आधी पट्टी ठेवून रिकाम्या रिफिलीने रेघ ओढा.

पावसपाणी

ट्रेडलवाला काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त आमच्या रत्नागिरीकडचं सांगते. कागद दमट असेल तर कितीही टेकू द्या, कापत नाही, चामड्यासारखा चिवट होतो. पावसाळ्यात आणलेला कागद दिवाळीत वापरणार असाल तर आधी वर सुती कापड घालून कोमट इस्त्री फिरवा आणि मग झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. औषधांच्या बाटलीत येतात त्या पुड्या मी टाकतच नाही कधी.

आणि जाळी डायमध्ये अडकून बसत असेल तर डाय आणि कागदाच्या मधे केकच्या टिनात घालतो तो बटर पेपर ठेवा. पटकन सुटते. बारीक तुकडे सुईने मागच्या भोकांतून ढकलायचे, जाळी हाताने ओढायची नाही.

शिशिरपान

मी न्यू जर्सीत असते, इथे हे कार्डांचं वेड घराघरात आहे, क्राफ्टच्या दुकानात डायची भिंतच्या भिंत असते आणि पंचवीस डिसेंबर उलटला की ख्रिसमसचे डाय निम्म्या किमतीत मिळतात, मी त्यातच वर्षभराची खरेदी करते. कातरकाम ताईंचं आपट्याचं पान वाचून फार आनंद झाला, इथे आपटा कुठून आणणार, आता दसऱ्याला मंडळात मुलांकडून हेच करून घेणार.

मला पोस्टाबद्दल सांगायचंय कारण तिथे मी पोळलेय. पहिल्या वर्षी मी चौकोनी कार्डं केली, फोम टेप (दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाड स्पंजी टेप) लावून कंदील चांगला उंच उचलला आणि सगळी परत आली जादा तिकिटासाठी, कारण इथे चौकोनी किंवा फुगीर पाकीट मशीनमधून जात नाही, त्याला जादा पैसे पडतात. भारतात वजनाची पहिली पायरी २० ग्रॅमची आहे. हिशोब करून बघ: ए४ कार्डशीटचा अर्धा म्हणजे ए५, तो २५० जीएसएमचा असेल तर साधारण ८ ग्रॅम, पाकीट ४-५ ग्रॅम, उरले जेमतेम सात, त्यात जाळी, चांदणी, झेंडू, टेप सगळं बसवायचं. तेव्हा पहिलं कार्ड पूर्ण झालं की किराणावाल्याकडे नेऊन वजन करून घे आणि मगच बाकीची ३९ कर.

अजून एक, तिकीट पाकिटाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात लागतं आणि पोस्टातला शिक्का तिथेच बसतो, तोही जोरात. उंच भाग त्याच्या खाली आला तर चेपतो. माझ्या आईला पाठवलेल्या कार्डावरचा झेंडू असा पार सपाट झाला होता. कार्ड पाकिटात घालताना कंदील डावीकडे खाली येईल असं ठेव. आणि फोम टेप १ मिलीमीटरची घे, २ ची नको.

चिकटवायला पातळ पांढरा गोंद लावलास तर जाळी ओली होऊन लाटांसारखी उठते. त्यापेक्षा कागदाच्या मागे आधीच दोन्ही बाजूंनी चिकटणारी शीट लावायची आणि मग डायमधून काढायचं, जाळी स्टिकरसारखीच बाहेर येते. वेळ निम्मा वाचतो, चाळिसांना तर फार.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार, मशीन परत केलं नाही.

परवा सकाळी अब्दुल रेहमान स्ट्रीटला जाऊन १४० जीएसएमचा गुळगुळीत पिवळा कागद आणला, पतंगी कागद आणि चिकट शीट पण. काका, तुम्ही सांगितलं तसं साध्या कागदावर काढून खुणा केल्या तर अडकणारी जागा बरोबर मधे, साधारण दहा रुपयांच्या नाण्याएवढी. दोन टेकू लागले. तिसऱ्या वेळी दांडा फिरवला, वरची प्लेट उचलली, बटर पेपर बाजूला केला आणि जाळी अख्खी सुटून हातात आली, एक धागासुद्धा अडकला नाही. मी तशीच धावत स्वयंपाकघरात आईला दाखवायला गेले, तिने ती ट्यूबलाइटसमोर धरली आणि ओट्यावर सावली पडली तिची.

लाल हातकागद मागे लावलाय, चांदणीही त्याच्यातच कापली आणि ती खरंच छान निघाली. पहिल्या कार्डाचं वजन २१ ग्रॅम भरलं म्हणून झेंडूच्या पाच थरांचे तीन केले, आता १९ आहे. काल रात्रीपर्यंत अकरा झाली.

कातरकाम ताई, एक विचारायचं राहिलं. जाळीतून पडणारे बारीक गोल तुकडे आई सुईने ढकलून काढते आणि एका डबीत साठवतेय. संक्रांतीच्या कार्डाला काळा कागद घेऊन त्याच्यावर हे तुकडे हलव्याच्या दागिन्यांसारखे लावायचे असं तिचं म्हणणं आहे, त्यासाठी पुढच्या जाळ्या पांढऱ्या कागदात काढायला सांगतेय. पण इतके बारीक तुकडे एकेक करून उचलायचे आणि चिकटवायचे कशाने?

कातरकाम

आईंना नमस्कार सांग, फार सुंदर कल्पना आहे. उदबत्तीची काडी घे, टोकाला मेणाचा अगदी मुगाएवढा गोळा लाव, तुकडा त्याला टेकवला की उचलला जातो आणि गोंदावर ठेवला की तिथेच राहतो. गोंद टूथपिकने ठिपका ठिपका दे, आधी पेन्सिलीने हाराची रेघ काढून. काळ्यावर गोंद सांडला तर चमकतो, पुसायला जाऊ नकोस, त्याच्यावरच एक तुकडा लाव. आणि डबी झाकून ठेव, पंख्याखाली उघडली की संपलं सगळं.