गाडीचं ॲव्हरेज आणि ती डबी (गोव्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून)

नाईक काका बी-२०३: मंडळी नमस्कार. ही जाहिरात मोबाईलवर सारखी येतेय, स्टिअरिंगच्या खाली एक डबी खोचायची आणि म्हणे पेट्रोल वाचतं. आपल्या सुयशच्या गाडीत तशीच काहीतरी बघितली होती. कशी आहे सांग रे बाबा, चांगली असेल तर मागवून टाकतो.

सुयश ए-४०२: काका थांबा, मागवू नका!! ती वेगळी माझी वेगळी. जाहिरातीतली म्हणते मी वाचवते, माझी फक्त गाडीचे आकडे वाचून मोबाईलवर दाखवते. त्या वाचवणाऱ्या डब्या लोकांनी फोडून बघितल्यात, आत दोन-तीन एलईडी आणि ते लुकलुकवायला एक चिप, गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायला जो भाग लागतो तोच नाही.

गावस सर सी-१०१: दिवेच हवेत तर चवथीची माळ घ्या काका, स्वस्त पडेल 😄

नाईक काका: बरं ते राहू दे. पण तुझ्या डबीचा तरी उपयोग काय, आकडे बघून पेट्रोल कमी लागतं काय?

सुयश: सांगतो. स्टिअरिंगच्या खाली गुडघ्याजवळ १६ पिनांचा एक सॉकेट असतो, सर्व्हिसिंगवाले लॅपटॉप लावतात तोच, ओबीडी म्हणतात. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीचा, आपल्याकडे ओबीडी टू २०१३ पासून. त्यात ही ब्लूटूथची डबी लावायची, ईएलएम ३२७ नावाने मिळते, बाजारात बहुतेक सगळ्या नकलाच आहेत, आणि मोबाईलवर टॉर्क किंवा कार स्कॅनर असं ॲप टाकायचं. मग आरपीएम, स्पीड, इंजिनचं तापमान, आत किती हवा जातेय, सगळं चालू गाडीत दिसतं.

शिरोडकर वहिनी ए-१०२: ॲव्हरेजसाठी एवढा खटाटोप कशाला? मी टाकी फुल करते, नोझल आपोआप बंद पडलं की बस, वर राउंड फिगर करून देतो ताई म्हणाला तरी घ्यायचं नाही. किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी त्याच पंपावर परत फुल. भागाकार केला की झालं. आमची १४ देते, शोरूममध्ये सांगितलेलं ॲव्हरेज कधी दिसलंच नाही.

सुयश: वहिनी तुमचाच आकडा खरा, माझं ॲप त्याच्यापेक्षा कमी विश्वासाचं आहे हे आधीच सांगतो. गंमत बघा, तुमची आमची गाडी सेम, रोजचा रस्ताही जवळपास तोच, ॲप मला १५ दाखवतं आणि पंपावर हिशोब केला की १४ च येतात.

गावस सर: म्हणजे पंपवाला मारतोय.

सुयश: नाही हो सर, लगेच पंपवाल्यावर कशाला जाता. ॲपला पेट्रोल मोजताच येत नाही, बऱ्याच गाड्या तो आकडा बाहेर देतच नाहीत. ॲप हवा बघतं आणि तिच्यावरून पेट्रोलचा अंदाज करतं, १४.७ ग्रॅम हवेला १ ग्रॅम पेट्रोल असं धरून. म्हणजे उभ्या गाडीत सेकंदाला २ ग्रॅम हवा जात असेल तर तासाला साधारण ०.६६ लिटर. पण आता पंपावर मिळतंय ई-२०, त्यात २० टक्के इथेनॉल, आणि इथेनॉलला ९ ग्रॅम हवाच पुरते, त्यामुळे मिश्रणाचं प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. हवा तेवढीच पण पेट्रोल जास्त लागलं, ॲपला ते माहीतच नाही. तेवढ्यानेच ६-७ टक्क्यांचा फरक पडतो, १५ चे १४ तिथेच झाले. आणि आपल्यासारख्या छोट्या गाड्यांत पुष्कळदा हवा मोजायचा सेन्सरही नसतो, नुसता दाबाचा असतो, मग ॲप दाब, आरपीएम आणि इंजिनचे सीसी यावरून हवेचाच अंदाज करतं. म्हणजे अंदाजावर अंदाज.

नाईक काका: माझी गाडी २०११ ची, ई-२० सुरू झाल्यापासून ॲव्हरेज पडलंय असं वाटतं. कोणी मानत नाही.

गावस सर: सरकारनेच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं ना काका, ई-२० साठी ट्यून केलेल्या गाड्यांना १-२ टक्के आणि बाकीच्यांना ३ ते ६ टक्के फरक पडू शकतो. तुमची बाकीच्यांत. ते असो, माझ्या डिझेलला चालेल का रे ही डबी?

सुयश: लागेल, तापमान टर्बो वगैरे छान दिसेल, पण ॲव्हरेजचा आकडा सोडून द्या सर. डिझेलमध्ये हवेचं आणि डिझेलचं प्रमाण ठरलेलं नसतं, हवा भरपूर आणि डिझेल पायाच्या हुकमाने. हवेवरून काढलेला हिशोब तिथे साफ चुकतो. गाडी स्वतःच डिझेलचा आकडा देत असेल तर गोष्ट वेगळी.

शिरोडकर वहिनी: मग आकडाच चुकीचा तर ठेवलीस कशाला तू? पैसे पाण्यात.

सुयश: वहिनी तुमच्या वहीत महिनाभराचा एकच आकडा येतो. १४ आले, का आले ते कळत नाही. मला पेट्रोल कुठे गेलं ते दिसतं. सकाळी वेर्ण्याला जाताना पर्वरीला फ्लायओव्हरच्या कामात गाडी उभी असते ना, तेव्हा स्क्रीनवर दोन आकडे ठेवतो, लिटरला किती किलोमीटर आणि तासाला किती लिटर. पहिला शून्य. दुसरा ०.७ वर, आणि एसीचा कॉम्प्रेसर खट्ट करून लागला की चढून ०.९-१.०, मग कॉम्प्रेसर सुटला की परत खाली. एकही इंच न हलता. आपल्या दमट हवेत एसी बंद करून बसणं कोणाला जमणारे, पण मी निघायची वेळ वीस मिनिटं अलीकडे आणली ती हा आकडा बघून, कोणाचं लेक्चर ऐकून नाही.

सुयश: अजून एक. बांबोळीचा चढ चौथ्या गिअरमध्ये पाय दाबून चढलो की तात्कालिक ॲव्हरेज ६-७ वर येतं. आणि उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून पाय पूर्ण काढला की इंजेक्टरच बंद होतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रल टाकलं तर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जातच राहतं, वर ब्रेक एकटे पडतात. बाबा अजून ऐकत नाहीत, चोर्ल्याच्या घाटात बेळगावहून येताना न्यूट्रल.

नाईक काका: न्यूट्रलने वाचतं असंच आम्हाला शिकवलेलं.

सुयश: काका ते कार्बोरेटरच्या जमान्यात 🙏 फक्त एक, पेट्रोल बंद असतानाही इंजिनात हवा जातच असते, म्हणून साधी ॲप्स उतारावरसुद्धा थोडं पेट्रोल लावून मोकळी होतात. ते मनावर घेऊ नका.

शिरोडकर वहिनी: ॲपमध्ये फेरफार नाही करता येत? तुझे १५ माझ्या १४ वर आणायला.

सुयश: येतो ना, गाडीच्या प्रोफाइलमध्ये करेक्शन असतं. तीन-चार टाक्यांचा पंपाचा हिशोब घ्यायचा आणि तेवढे टक्के कमी करायचे. म्हणजे तुमची वही लागतेच. वही नको असेल तर फ्युएलिओ नावाचं ॲप आहे, डबीबिबी काही नको, लिटर आणि किलोमीटर टाकले की भागाकार तोच करतो.

प्रभुदेसाई बी-४०१: आयफोनला चालते का? भावाने आणलेली, सापडतच नाही फोनला.

सुयश: साधी ब्लूटूथवाली आयफोनला नाही चालत. वायफायची किंवा बीएलई (ब्लूटूथ लो एनर्जी) लिहिलेली घ्यायची. वायफायवालीत फोन तिच्या वायफायला जातो आणि कधीकधी इंटरनेट जातं, मॅप अडकतो.

गावस सर: माझ्या स्कूटरला?

सुयश: तिला हा १६ पिनांचा सॉकेट नसतो सर. फ्युएलिओ घाला.

नाईक काका: माझा इंजिनचा पिवळा दिवा लागलाय मधून मधून. तो कळेल काय तुझ्या डबीने?

सुयश: २०११ ची आहे, पकडली तर पकडली, बघूया. कोड दिसला तर स्क्रीनशॉट काढा पण ॲपमधलं क्लिअर बटण दाबू नका, दिवा लागला त्या क्षणाची जी नोंद गाडी ठेवते ती पण पुसली जाते, मग गॅरेजवाला काय बघणार. आणि वायर लावून डबी लोंबकळत ठेवू नका, क्लचच्या पायात येते.

नाईक काका: रविवारी दे मग. देव बरें करूं.

सुयश: वॉचमनकडे ठेवतो काका. काम झालं की काढून ठेवा हां, त्या सॉकेटला किल्ली बंद असली तरी करंट असतो, तुमची गाडी आठवडा-आठवडा हलत नाही, बॅटरी बसेल. पासवर्ड १२३४, बहुतेक स्वस्त डब्यांना हाच असतो किंवा चार शून्य, म्हणून लावून ठेवू नये हे आणखी एक कारण, पार्किंगमधला कोणीही जोडू शकतो.

सेक्रेटरी: चर्चा छान पण पाण्याचा टँकर गेटवर उभा आहे, ए-४०२ ची गाडी आड आलीये, सुयश खाली ये आधी.

सुयश: आलो

गावस सर: तासाला ०.९, टँकरचं वेगळं 😄