ट्रॉम्सोचा कॅमेरा बघणं हा रिकामटेकडेपणा आहे का?

दिवेलागण: काल इथे कोथरूडकरांनी लिहिलं की घरबसल्या नॉर्वेतल्या ट्रॉम्सोसारखी उत्तरेकडची शहरं इंटरनेटवरच्या थेट कॅमेऱ्यातून बघणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावणं, आणि ते रिकामटेकड्यांचं काम. रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते. माझे वडील एसटीत वाहतूक नियंत्रक होते. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, तेव्हापासून पलंगावर आहेत. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी पावणेसातला मी त्यांना ट्रॉम्सोचं बंदर लावून देते. तिथे तेव्हा सव्वादोन वाजलेले असतात, उत्तरेकडे जाणारी किनाऱ्याची बोट धक्क्याला लागायची वेळ. १८९३ साली सुरू झालेली ही बोटसेवा आज बर्गनपासून किर्केनेसपर्यंत जाते. बोट लागली की बाबा मला वहीत वेळ टिपायला लावतात. डिसेंबरात तर तिथेही दिवे लागलेले असतात, कारण नोव्हेंबरअखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य वर येतच नाही. ‘त्यांच्याकडे पण अंधारच,’ म्हणतात. ह्या माणसाला तुम्ही रिकामटेकडा म्हणालात.

कोथरूडकर: वडिलांबद्दल वाईट वाटलं, पण मुद्दा बदलू नका. आमच्या सोसायटीत कमिटीने जिन्यात कॅमेरा बसवला, थेट माझ्या दाराकडे तोंड करून. माझ्या मुलीकडे कोण किती वाजता आलं हे सेक्रेटरी चारचौघांत बोलून दाखवायला लागले. पोरीने मैत्रिणींना घरी बोलावणं बंद केलं. कॅमेऱ्यामागे बसलेल्याला ते दृश्य असतं, समोरच्याचं ते जगणं असतं.

फ्योर्डकाठी: सहा वर्षं ट्रॉम्सोत राहतोय. बंदरावरच्या आणि डोंगरावरच्या कॅमेऱ्यांत माणसं तिळाएवढी दिसतात, आणि युरोपचा माहिती-संरक्षण कायदा इथेही लागू आहे. जिन्यातला कॅमेरा आणि हा, दोन्ही एका मापाने मोजू नका. माझी तक्रार वेगळीच आहे. लोक आकाशातला हिरवा प्रकाश बघतात आणि ‘नशीबवान आहेस’ म्हणून कळवतात. सकाळी उठवत नाही, कॉड माशाच्या तेलाचा चमचा नाक दाबून घ्यावा लागतो, २१ जानेवारीला सूर्य परतला म्हणून ऑफिसात गोड पाव खाताना डोळे भरून येतात, हे कुठल्या कॅमेऱ्यात दिसतं? एवढं मात्र खरं, की आई साताऱ्याहून बर्फ पडताना बघते आणि लगेच फोन करते, ‘टोपी घातलीस का?’

उत्तरायण: मुख्य गोष्ट राहिलीच. ट्रॉम्सोच्याही उत्तरेला, नॉर्वेच्याच स्वालबार बेटांवरच्या लाँगयिअरब्येनचा कॅमेरा फेब्रुवारीत बघा. ऑक्टोबरअखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजाखाली, आणि डोंगर आड येत असल्याने गावात ऊन पडायला ८ मार्च उजाडतो. तोवर आठवडेच्या आठवडे नुसतं उजाडत राहतं. ऋग्वेदात एका सूर्योदयाआधी अनेक उषा का येतात, हे तिथे डोळ्यांनी कळतं. टिळकांनी १९०३ साली ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ ह्या पुस्तकात हेच मांडलं होतं.

कोथरूडकर: आलेच टिळक! आर्यांचं मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ, हे आज कुठला अभ्यासक मानतो?

उत्तरायण: टिळकांचं नाव निघालं की नाक मुरडायचं, ही आता फॅशन झाली आहे. माझ्या आजोबांनी ते पुस्तक पेन्सिलीने खुणा करत चार वेळा वाचलं होतं. टिळक तुरुंगात ऋग्वेद वाचत होते. समोर फक्त भिंत, आणि त्या माणसाला महिनाभराची पहाट दिसली. मतभेद ठेवा, पण आदर सोडू नका.

खगोलप्रेमी: आदर आहे म्हणूनच तपासू. टिळकांचा भर ‘चक्रमिव’ ह्या शब्दांवर होता, उषा चाकासारखी क्षितिजाभोवती फिरते म्हणून. तशी ती अगदी ध्रुवाजवळच फिरते, आणि तिथे समुद्र आहे. तुमचा लाँगयिअरब्येनचाच कॅमेरा नीट बघा. उजेड दुपारच्या सुमारास दक्षिणेला येतो आणि मावळतो, गोल फिरत नाही. तुमचाच पुरावा तुमच्याविरुद्ध जातो.

उत्तरायण: चाकासारखी फिरत नाही, हे मान्य. अनेक उषांबद्दल तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही.

खगोलप्रेमी: रोज एक उषा, म्हणून अनेक. पुण्यातही तसंच.

उत्तरायण: तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

फ्योर्डकाठी: इथे राहणारा मी, आणि उषेवरून भांडताय तुम्ही. उपयोगाचं काही हवं असेल तर अलास्कात उत्कियाविकला बघा. तिथला विद्यापीठाचा कॅमेरा किनाऱ्याला चिकटलेल्या समुद्री बर्फावर रोखलेला आहे. बर्फ कधी धरतो, कधी सुटतो ह्याची नोंद त्यातून राहते. त्याला कोणी डोकावणं म्हणेल का?

कोथरूडकर: बर्फाला अब्रू नसते, त्यामुळे त्यावर आक्षेप नाही. रस्त्यावर रोखलेल्या कॅमेऱ्याबद्दल मत तेच. ‘रिकामटेकडे’ हा शब्द मागे घेतो, तोही फक्त ताईंच्या वडिलांपुरता.

दिवेलागण: माझ्या वडिलांपुरता नको. असे पलंगावर पडलेले आणखी किती जण असतील ते तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. आज बोट अकरा मिनिटं उशिरा लागली. नोंद केली आहे.