मदत हवी आहे: दुसरीचा वर्ग, ३८ मुलं आणि रोज निसटणारी पहिली वीस मिनिटं

नमस्कार मंडळी.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. सहा वर्षं पाचवीचा वर्ग होता, यंदा दुसरी मिळाली. पाचवीत सहज चालून जायचं ते इथे चालत नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. आता दोन महिने झाले. मुलं गोड आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाहीच. अडते आहे ती माझी घडी. लहान वर्गांना शिकवणाऱ्यांचा सल्ला हवा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घंटा झाली की मुलं एकेक करून आत येतात. कुणाला घरून आणलेली चिठ्ठी द्यायची असते, कुणाचा दात पडलेला असतो आणि ती खिंड मला आत्ताच दाखवायची असते. मी बघते. ते बघायलाच हवं. मग हजेरी, मग गृहपाठाच्या वह्या गोळा करणं. तेवढ्यात "बाई, टोक तुटलं!" एकाचं टोक तुटलं की कचऱ्याच्या डब्यापाशी पेन्सिली घेऊन सहाजण उभे. खरं शिकवणं सुरू होईपर्यंत वीस मिनिटं गेलेली असतात. पाच दिवसांची शंभर मिनिटं होतात.

ही शंभर मिनिटं मला कशासाठी हवीत तेही सांगते. वर्गातली पाच मुलं अजून एकेक अक्षर लावत वाचतात आणि जोडाक्षर आलं की थांबतात. त्यांच्याशेजारी बसून, त्यांच्या बोटाबरोबर माझं बोट फिरवत वाचून घ्यायची गरज आहे. रोज एकाजवळ दहा मिनिटं बसले तरी आठवड्यात पाचहीजण होतील. पण ती दहा मिनिटं मला मिळत नाहीत.

दुसरी अडचण वह्यांची. भाषा, गणित आणि परिसर अभ्यास मिळून ११४ वह्या. एका वहीला एकच मिनिट दिलं तरी जवळजवळ दोन तास. त्या घरी येतात, रात्री साडेदहापर्यंत मी बरोबरच्या खुणा करत बसते आणि सकाळी मुलं त्या खुणांकडे बघतसुद्धा नाहीत.

तिसरी, एक मुलगी. कागदावर सगळं बरोबर लिहिते, पण प्रश्न विचारला की मान खाली. ती तोंड उघडेपर्यंत पुढच्या बाकावरचे चौघे उत्तर सांगून मोकळे झालेले असतात.

आणि शेवटची, भिंतींची. आधीच्या बाईंनी चारही भिंती तक्त्यांनी भरल्या होत्या. मी त्यात चांदण्यांचा तक्ता लावला: गृहपाठ केला की एक चांदणी. सुरुवातीला मुलं खूष होती. आता "चांदणी मिळणार का?" विचारल्याशिवाय वही उघडत नाहीत. तक्ता काढू की ठेवू?

हे रोज करणाऱ्यांनी कृपया लिहा. "संयम ठेवा" हे मी स्वतःला सांगतेच आहे. मला नेमकं काय करायचं ते हवंय.

पाटीपेन्सिल

ताई, पहिली-दुसरीत वीसपेक्षा जास्त वर्षं झाली. सकाळचं आधी धरू, बाकीचं त्यावर अवलंबून आहे.

मुलं आत येतात तेव्हा काय करायचं हे त्यांना ठाऊक नसतं. पाचवीतली मुलं अंदाजाने करतात, दुसरीतल्यांना दाखवावं लागतं. म्हणून घंटेच्या आधीच फळ्यावर काम लिहून ठेवा, रोज फळ्याच्या त्याच कोपऱ्यात. काम इतकं सोपं हवं की तुमची मदत लागू नये: कालच्या धड्यातले पाच शब्द सुंदर अक्षरात, किंवा हातच्याच्या दोन बेरजा. नवीन काही देऊ नका, नाहीतर ३८ शंका येतील. ठरलेला क्रम असा: दप्तर जागेवर, गृहपाठाची वही ट्रेमध्ये, मग फळ्यावरचं काम. तीनच गोष्टी. दारापाशी तिन्हींची चित्रं लावा.

हा क्रम सांगून येत नाही, सराव करून येतो. मी दोन आठवडे रोज तालीम घेते. सगळ्यांना बाहेर नेते आणि पुन्हा आत आणते. एकदा मीच दप्तर फेकून धावत जागेवर जाते आणि विचारते, काय चुकलं? मुलं पोट धरून हसतात आणि सगळं बरोबर सांगतात. त्या दिवसांत धडा मागे पडतो, त्याची काळजी करू नका.

जेकब कूनिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने शांत आणि गोंधळाच्या वर्गांची चित्रफितींवरून तुलना केली होती, १९७० साली ते प्रसिद्ध झालं. मूल चुकल्यावर शिक्षक कसे रागावतात यात त्याला महत्त्वाचा फरक सापडला नाही. चांगले वर्ग चालवणाऱ्यांचं सगळीकडे लक्ष असे आणि एका कामातून दुसऱ्यात जाताना त्यांचा वेग तुटत नसे. तुमची वीस मिनिटं नेमकी त्या सांध्यांत जातात.

पेन्सिलींसाठी दोन डबे ठेवा, एक टोकदार, एक बोथट. टोक तुटलं की पेन्सिल बोथट डब्यात टाकायची, टोकदारमधून घ्यायची, बोलायचं नाही. शाळा सुटताना पाळीची दोन मुलं टोकं करून ठेवतात. वर्ग चालू असताना शार्पनर बंद.

धागाकर्ती

पाटीपेन्सिल, मनापासून आभार. दारापाशी चित्रांची कल्पना फार आवडली, माझी न वाचणारी पाच मुलंही ती "वाचू" शकतील. पण डब्यांबद्दल एक शंका: "ही माझी पेन्सिल, आजोबांनी दिलेली" म्हणून रडारड होईल ना?

पाटीपेन्सिल

होते. म्हणून डब्यातल्या पेन्सिली वर्गाच्या असतात, टोकाला एकाच रंगाची चिकटपट्टी गुंडाळलेल्या. आजोबांची पेन्सिल कंपासपेटीत सुखरूप राहते, घरी जाऊन टोक करायचं. आणि हे सामान मुलांच्या हाताच्या उंचीवर ठेवा. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह सुरू केलं, त्यांच्या पद्धतीत मुलांच्या उंचीची उघडी फडताळं आणि प्रत्येक वस्तूची ठरलेली जागा हा पायाच आहे. कपाटाची किल्ली बाईंकडे असेल तर दर पाच मिनिटांनी बाईंनाच उठावं लागतं.

रात्रीच्या वह्या

माझं नाव बघून कळलं असेलच, मीही तुमच्यासारखाच होतो. तीन बदलांनी सुटलो.

मुलांनी वही त्या दिवसाच्या पानावर उघडूनच ट्रेमध्ये ठेवायची. पानं चाळण्यात बराच वेळ जातो, हे घड्याळ लावल्यावर कळलं. दुसरं, वर्गाचे पाच रंगगट करा, सात-आठ मुलांचे. सोमवारी लाल गटाच्या तिन्ही वह्या नीट तपासायच्या, मंगळवारी निळ्या. बाकीच्यांवर फक्त नजर. मुलाला रोज खूण मिळण्यापेक्षा आठवड्यातून एकदा "तुझा हातचा इथे राहिला, परत कर" असं कुणी शेजारी बसून सांगितलं तर त्याला कळतं. आणि तिसरं, ज्याने मला खरं सोडवलं: मुलं लिहीत असताना पेन घेऊन बाकांमधून फिरा. तिथल्या तिथे तपासलेली वही ट्रेमध्ये येतच नाही, आणि चूक ताजी असताना सापडते. एकाच प्रकारची चूक पाच-सहाजणांकडे दिसली तर सरळ फळ्यापाशी जा, सहा वह्यांत तेच लिहीत बसू नका.

पालकांना मात्र हे आधी सांगा. नाहीतर "बाई वह्या बघत नाहीत" असं होतं.

उशिराचा हात

त्या मुलीबद्दल लिहिते, कारण मी तशीच मुलगी होते.

प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती वेळ थांबता, हे एकदा ध्वनिमुद्रण करून ऐका. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी विज्ञानाचे तास असेच ऐकले होते. शिक्षक सरासरी एक सेकंदाच्या आसपासच थांबत होते. थांबणं तीन सेकंदांवर गेलं की उत्तरं लांब झाली, आपणहून बोलणारे वाढले आणि "माहीत नाही" कमी झालं. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत, पण वर्गात उभं राहून मोजले की फार मोठे वाटतात. मी मनात आकडे मोजते.

पुढच्या बाकावरच्या चौघांसाठी: प्रश्न विचारला की हात वर करायचा नाही, आधी सगळ्यांनी मनात विचार, मग शेजाऱ्याला हळूच सांगायचं, मग मी नाव घेईन. फ्रँक लायमन यांनी १९८१ साली ही रीत मांडली आणि ती छोट्यांना छान जमते. तुमची मुलगी ३८ जणांसमोर बोलण्याआधी एका मैत्रिणीजवळ बोललेली असेल. नाव घेताना "तुम्ही दोघींनी काय ठरवलं?" असं विचारा. उत्तर दोघींचं झालं की चुकण्याची भीती अर्धी होते. आणि पहिल्यांदा ती बोलली की कृपया टाळ्या वाजवून घेऊ नका. मला त्या टाळ्यांनी पुढचे सहा महिने गप्प केलं होतं.

मोकळी भिंत

चांदण्यांचा तक्ता काढा, असं माझं स्पष्ट मत. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीच्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात तीच मुलं इतरांच्या निम्म्याच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांत ही घट दिसली नाही. म्हणजे कौतुक करू नये असं नाही, त्याचा आधीच सौदा करू नये.

भिंतींबद्दल: कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये बालवाडीच्या २४ मुलांना तेच धडे कधी सजवलेल्या, कधी मोकळ्या खोलीत शिकवले. सजवलेल्या खोलीत त्यांचं लक्ष जास्त भरकटलं आणि ती कमी शिकली. अभ्यास छोटा आहे, मुलंही तुमच्यापेक्षा लहान, म्हणून सगळं उतरवा असं म्हणत नाही. फळ्याची भिंत मोकळी ठेवा. मागच्या भिंतीवर मुलांनी केलेलं लावा, प्रत्येकाचं काही ना काही. ज्या तक्त्याकडे पंधरा दिवसांत कुणी बोट दाखवलं नाही, तो काढून ठेवा.

रात्रीच्या वह्या

मोकळी भिंत, थोडा असहमत. ज्या मुलाला त्या कामाची गोडीच नाही, त्याला सुरुवात करून द्यायला चांदणी उपयोगी पडते असा माझा अनुभव आहे. तुम्ही सांगितलेल्या प्रयोगातल्या मुलांना चित्रं आधीपासून आवडत होती. पण सगळ्यांसमोर टांगलेला तक्ता नको, हे मान्य. रिकामी रांग ज्याची असते तो रोज ती बघतो.

धागाकर्ती

तीन आठवड्यांनी परत आले. ज्यांनी लिहिलं त्या सगळ्यांची ऋणी आहे.

सकाळ आता नऊ-दहा मिनिटांवर आली आहे. तालमीच्या आठवड्यात फार घाबरले होते, धडे मागे पडत होते, पण तो वेळ भरून निघाला. दोन डबे उत्तम चालतात. टोकं करायच्या पाळीसाठी मुलं वाट बघतात, त्यामुळे यादी लावावी लागली. फळ्यावरचं काम एक दिवस चुकून नवीन दिलं आणि पाटीपेन्सिल यांनी सांगितलं होतं तेच झालं, अख्खा वर्ग माझ्याभोवती.

रंगगटांनी वह्या घरी येणं जवळजवळ थांबलं. पालकांना आधी चिठ्ठी दिली. दोघांनी तरीही विचारलं, त्यांना पाल्याच्या वहीतला सविस्तर शेरा दाखवला, त्यांना पटलं.

चांदण्यांचा तक्ता काढला तेव्हा दोन दिवस नाराजी होती. एका मुलाने मात्र हळूच येऊन विचारलं, "बाई, तो परत नाही ना लावणार?" त्याची रांग रिकामी होती. मला हे आधी दिसायला हवं होतं.

जोडीने बोलणं रोज एका तासाला करते. ती मुलगी मैत्रिणीशी बोलते, कधी कधी तीच जास्त बोलते. मोठ्याने अजून एकदाच बोलली, तीन शब्द. मी फक्त "हो" म्हटलं आणि पुढे गेले.

अडखळत वाचणाऱ्या पाचांपैकी रोज एकाजवळ बसते आहे. दोघांना आता 'क्त' आणि 'त्र' दिसल्यावर थांबावं लागत नाही.

आता एकच प्रश्न. गेल्या आठवड्यात घसा बसला, दोन दिवस रजा घ्यावी लागली. बदली शिक्षकांना काहीच माहीत नव्हतं आणि मुलं गोंधळली. यासाठी काय तयार ठेवता?

पाटीपेन्सिल

टेबलाच्या वरच्या खणात एक पातळ फाईल. पहिल्या पानावर सकाळचा क्रम आणि बसण्याचा नकाशा. दुसऱ्यावर तीनच मुलांबद्दल दोन-दोन ओळी: कुणाला कमी ऐकू येतं, कुणाला औषध आहे, कुणाला सगळ्यांसमोर प्रश्न विचारायचा नाही. मग कधीही चालतील असे दोन दिवसांचे सरावाचे कागद, ३८ अधिक दोन प्रती. आणि वर्गातल्या दोन मुलांची नावं, ज्यांना सगळं माहीत असतं.

घशासाठी: वर्ग शांत करायला आवाज वापरू नका, हात वर करा किंवा छोटी घंटी ठेवा. मागच्या मुलाशी बोलायचं तर त्याच्यापर्यंत चालत जा. पाण्याची बाटली टेबलावर, आणि तासातासाला खरंच प्या. घसा बसलेला असताना कुजबुजूही नका, त्यानेही ताण येतो. आणि आवाज दोन-तीन आठवड्यांत सुधारला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, पुढे ढकलू नका.